मदत हवी आहे : कोल्हापूर पासिंगची सिटी घ्यावी की बेळगावातच नवी गाडी?

टिळकवाडी

नमस्कार मंडळी,

घरात 2011 ची वॅगन-आर आहे. पंधरा वर्षं भरत आलीत, पासिंग रिन्यू करण्यापेक्षा बदलावी असं चाललंय. आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. आई सत्तरीची, दोन्ही गुडघे दुखतात. धाकटीला घाटात हमखास उलटी होते.

आठवडाभर गाडी गावातच, टिळकवाडी ते उद्यमबाग. महिन्यातून एक-दोनदा चंदगडला सासुरवाडीला, आणि मोठी बहीण म्हापशाला असल्यामुळं चोर्ला घाट. वर्षाला दहा-अकरा हजार किलोमीटर होतात. त्यामुळं डिझेलचा विषय नाही.

सेडानच (मागं वेगळी डिकी असलेली बुटकी गाडी) का? मेव्हण्याच्या उंच गाडीत चढताना आईला दोघांनी धरावं लागतं. शिवाय तीच गाडी घाटात इतकी डुलते की धाकटी कणकुंबी यायच्या आत पिशवी मागते. त्यामुळं एसयूव्ही घ्या असं कृपया कुणी सांगू नका. भाऊ, शेजारी आणि ऑफिसातला शिपाई यांनी सांगून झालंय.

सध्या दोन गोष्टी समोर आहेत.

एक, कोल्हापुरात ओळखीतून आलेली होंडा सिटी, पाचव्या पिढीची, व्ही मॉडेल, मॅन्युअल पेट्रोल. फेब्रुवारी 2021 ची, एमएच 09, पहिलाच मालक, मीटरवर 48 हजार. नऊ लाख म्हणतोय, थोडं खाली येईल.

दोन, नवी स्कोडा स्लाव्हिया, 1.0 टर्बो, मॅन्युअल, खालचं मॉडेल. इथल्या एका शोरूमचं कोटेशन हातात आहे. त्यात हँडलिंग चार्जेस, जबरदस्तीचा इन्शुरन्स आणि मी न मागितलेली मॅटिंग, सगळं धरून आकडा असा झालाय की बायकोनं कागद उलटा ठेवला.

सिटी इकडं आणली तर कर्नाटकात पुन्हा टॅक्स भरावा लागतो हे माहीत आहे. किती, कसा आणि खरंच परवडतं काय, हे कुणी अनुभवानं सांगेल काय? आणि जुनी गाडी बघताना नेमकं काय बघायचं?

हलगा नाका

एसयूव्ही घ्या. (पळतो.)

फाईल सरकवा

टॅक्सचं आधी बोलू, कारण तुमचा सगळा हिशोब तिथंच फिरणार आहे.

कर्नाटकात गाडीची किंमत 10 ते 20 लाखांत असली की लाइफटाइम टॅक्स 17 टक्के, आणि त्या टॅक्सवर 11 टक्के सेस. 5 ते 10 लाखांत 14 टक्के. महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के. म्हणून तर अर्ध्या बेळगावचा जीव कोल्हापूरच्या गाडीत अडकलेला असतो.

आता लोक कुठं फसतात ते ऐका. तुम्ही सिटी नऊ लाखाला घ्या नाहीतर सातला, इथला टॅक्स तुमच्या सौद्यावर लागत नाही. गाडी नवी असताना तिची जी किंमत होती त्यावर लागतो, आणि गाडीच्या वयाप्रमाणं त्यात सूट मिळते. ती सिटी नवी असताना अकरा लाखांच्या आसपास होती असं धरलं, तर त्या किमतीच्या नव्या गाडीला सेससकट दोन लाखांच्या वर टॅक्स होतो. पाच वर्षांच्या गाडीला त्यातला बराचसा भाग भरावाच लागतो. दीड लाख धरून चाला. म्हणजे तुमची नऊ लाखांची गाडी साडेदहाची झाली. वर एजंट, इन्शुरन्सवरचं नाव, हेलपाटे.

कागद असे लागतात : मालकाकडून फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, कोल्हापूर आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म 28, आणि चेसिस नंबरचा पेन्सिलनं घेतलेला ठसा. गाडीवर लोन असेल तर बँकेचं फॉर्म 35 आणि त्यांची वेगळी एनओसी. लोन फेडलंय असं तोंडी सांगतील, पण आरसीवरचा बोजा उतरलाय काय ते एमपरिवहन या सरकारी ॲपवर स्वतः बघा. दंडाची चलनं थकलेली असतील तर तीही तिथंच दिसतील, ती त्यालाच भरायला लावा. एनओसी हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका, निम्मे तरी धरून ठेवा.

महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला हिस्सा परत मागता येतो. इकडं नवा नंबर पडल्यावर तिकडच्या आरटीओत अर्ज करायचा असतो. मिळाला तर दसरा-दिवाळी समजा, पण त्या पैशाच्या भरवशावर गाडीचा भाव ठरवू नका.

चिक्कोडी एक्स्प्रेस

नंबर बदलायचाच कशाला? कोल्हापूरला नातेवाईक नाहीत काय कुणी? त्यांच्या नावावर ठेवायची आणि इकडं फिरवायची. आमच्याकडं गल्लीत चार गाड्या तशाच आहेत.

फाईल सरकवा

आहेत की. पण गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नंबर बदलून घ्यावा लागतो, हे मोटार वाहन कायद्यातच आहे. पकडलं की टॅक्स आणि दंड दोन्ही. त्याहून मोठा घोळ म्हणजे मालक एक आणि चालवणारा एक. अपघात झाला तर क्लेमच्या वेळी नातेवाईकालाच उत्तरं द्यावी लागतात.

शिवाय आपल्या भागाची आपली एक गोष्ट आहेच. 2022 च्या डिसेंबरात हिरेबागेवाडी टोलजवळ महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले होते, एसटीही बंद ठेवाव्या लागल्या होत्या. रोज उद्यमबागेत लावायच्या गाडीला एमएच पाटी मी तरी ठेवणार नाही. इथं सीमावाद नको, मी फक्त काचेच्या खर्चाचं बोलतोय.

टिळकवाडी

नातेवाईकाच्या नावाचा पर्याय बाद. आमचे नातेवाईक लग्नाच्या आहेराचा हिशोब वीस वर्षं ठेवतात, गाडीचा किती वर्षं ठेवतील सांगता येत नाही.

गाडी स्वतः बघायची कशी, ते कुणीतरी सांगा.

ऑटोनगर मिस्त्री

दादा, तुमची गाडी फेब्रुवारी 2021 ची आणि कोल्हापूरची. पहिली शंका पुराची. जुलै 2021 मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं होतं, इकडं निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेनं रस्ता अडवला होता. त्या पावसात पार्किंगमध्ये बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून बाजारात आल्यात. त्यांना बाहेरून बघून काही कळत नाही, पॉलिश नव्याला लाजवेल असं असतं.

म्हणून मी सांगतो तसं बघा. मागच्या सीटवर बसा आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, अगदी रिळाला लागेपर्यंत. लोक पुढचा हातभर पट्टा धुतात, आतला कुणी धूत नाही. आतल्या टोकाला पिवळट डाग, मातीची रेघ, कडकपणा दिसला की तिथूनच नमस्कार करायचा. मग पुढची सीट मागं सरकवा आणि रेल्वेच्या रुळासारखी जी पट्टी आहे तिचे बोल्ट बघा. पाच वर्षांच्या गाडीत त्यांना गंज चढायचं काही कारण नाही. डिकीतली स्टेपनी बाहेर काढा, खड्ड्याच्या कोपऱ्यात बोट फिरवा. गाळ वाळला की पिठासारखा होतो, तो तिथं लपून बसतो. गाडीत सुगंधी डबी नवी लावलेली असेल तर काच बंद करून दहा मिनिटं बसा. डबीचा वास विरला की मूळ वास वर येतो.

2021 च्या जुलै-ऑगस्टमध्ये गाडी सर्व्हिस सेंटरला गेली होती काय, हे कंपनीच्या रेकॉर्डवर निघतं. मालकालाच फोन लावायला सांगा, तुमच्यासमोर. इन्शुरन्सची मागची पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सूट) मधेच शून्यावर आला असेल तर बहुधा त्याआधीच्या वर्षी क्लेम झालाय. कशाचा, ते विचारा.

बाकी नेहमीचं. सकाळी इंजिन थंड असताना सुरू करा. तुम्ही पोचायच्या आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर कुठंतरी पाणी मुरतंय. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे असतील तर बॉनेट उतरलंय. चारी टायरवर बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. 48 हजारात एक संच बदललेला चालतो. पण दोन बदललेले असतील तर मीटर खोटं बोलतंय. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत आणि मीटर कमी, हे जमत नाही.

सिटीचं इंजिन मात्र दणकट. ऑईल वेळेवर बदललं तर आमच्या हाताला फार काम मिळत नाही, हीच त्या इंजिनाची तारीफ.

जांबोटी क्रॉस

मी स्लाव्हिया 1.0 चालवतो, आठवड्याला चोर्ला. मिस्त्रींनी लोखंडाचं सांगितलं, मी रस्त्याचं सांगतो.

गाडी बघताना एकटे चालवू नका. पाचही जण बसवा. सेडानचा खरा प्रश्न भरल्यावर कळतो, मागं सामान आणि तीन माणसं बसली की शेपूट खाली जातं. सिटीचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासूनची उंची) कागदावर 165 मिलिमीटर, स्लाव्हियाचा 179. चौदा मिलिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटतं. पण बेळगाव ते कणकुंबी गावोगावचे हौशी स्पीडब्रेकर आठवा, आणि पावसानंतर घाटात खड्डे कसे होतात ते आठवा. सिटी नीट जाते, फक्त तिरकी घालावी लागते आणि जीव थोडा वर धरावा लागतो.

चढाला फरक आहे. सिटीची 1.5 पेट्रोल 121 पीएसची, पण ताकद वरच्या आरपीएमला. पाच माणसं आणि एसी लावून वळणावर दुसरा गिअर टाकावा लागतो, आणि इंजिन ओरडतं. स्लाव्हियाला 178 न्यूटन मीटरचा टॉर्क (ओढ) 1750 आरपीएमपासूनच, ती तिसऱ्यात चढते. उलट, बाजारपेठेत खडे बाजारसारख्या ठिकाणी रांगताना टर्बो जागा झालेला नसतो, पहिल्या-दुसऱ्यात गाडी मंद वाटते. तुमचं महिन्यातलं बहुतेक चालवणं गावातलं आहे, हे विसरू नका.

सुरक्षिततेला स्लाव्हियाला ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच स्टार आहेत. आणि उलटीबद्दल : दोन्ही गाड्या उंच गाडीपेक्षा कमी डुलतात, पण धाकटी पुढं बसवण्याइतकी मोठी होईपर्यंत खरा उपाय चालवणाऱ्याचा उजवा पाय हाच आहे.

अनगोळची काकू

सगळे इंजिन बघताय, आईंचे गुडघे कुणी बघितले काय?

अरे, वॅगन-आरची सीट म्हाताऱ्या माणसाला सगळ्यात सोयीची. वाकायचं नाही, चढायचं नाही, खुर्चीसारखं बसायचं. सेडानमध्ये खाली बसावं लागतं, आणि उठताना सगळा भार गुडघ्यावर. आमच्या सासूबाईंना सेडानमधून उतरवायला आत हात घालून ओढावं लागायचं. तू उंच गाडीला घाबरून बुटक्या गाडीकडं निघालास, मधली उंची तुझ्याच दारात उभी आहे.

आईंना शोरूमला घेऊन जा. मागच्या दारानं स्वतःहून बसू दे आणि स्वतःहून उतरू दे. धरू नकोस. साडी नेसूनच, ड्रेसवर नव्हे. ह्युंदाईची वरनाही बघ, पण तिचं छत मागं उतरतं, डोकं वाकवावं लागतं. हे झाल्याशिवाय टॅक्सचा हिशोब कशाला करायचा?

टिळकवाडी

काकू, हे डोक्यातच आलं नव्हतं. काल संध्याकाळी आईला घेऊन गेलो. स्लाव्हियात बसली, पण उतरताना दाराची चौकट धरून दोनदा प्रयत्न केला. मग तिथंच शेजारी मित्राची सिटी होती, तीत बसवलं. दार जास्त उघडतं की सीटचा कोन वेगळा आहे कळलं नाही, पण एका दमात उतरली. "हीच घे, पण सीटवर उशी टाक," म्हणाली. उशीनं खरंच फरक पडला, दोन इंच तरी.

फाईल सरकवा

मग सिटी ठरली असं धरून अजून एक. नवी घ्यायची झालीच आणि वहिनी सरकारी बँकेत वगैरे असतील, तर बीएच सिरीज (राज्य बदललं तरी चालणारा नंबर) विचारून बघा. टॅक्स एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरता येतो. गाडी त्यांच्या नावावर घ्यावी लागेल. आणि पुढं बीएच न मिळणाऱ्याला विकली तर त्याला इथला नंबर घेऊन टॅक्स भरावा लागतो, त्यामुळं विकताना भाव पडतो. सप्टेंबर 2025 पासून चार मीटरवरच्या गाड्यांना जीएसटी 40 टक्के, सेस गेला, म्हणजे या वर्गाच्या गाड्यांवर आधीपेक्षा थोडा कमीच. जुन्यांचे भावही त्यानं खाली यायला हवेत, विकणारे मान्य करत नाहीत ती गोष्ट वेगळी. याच मुद्द्यावर भाव पाडा.

टिळकवाडी

बायको खासगी कंपनीत आहे, चार राज्यांत शाखा असलेल्या कंपन्यांनाही बीएच मिळते असं ती म्हणते, पण हिच्या कंपनीच्या शाखा दोनच राज्यांत आहेत. तो विषय संपला.

मालकाशी बोललो. दीड लाखाचा टॅक्स त्याला समजावून सांगितला, साडेसातला द्या म्हटलं. तो हसला, मग आठ म्हणाला. टायर दोन संच बदललेत काय विचारलं तर "एकच" म्हणाला, पण जरा वेळ घेऊन. जुलै 2021 चं विचारलं तेव्हा मात्र लगेच म्हणाला, गाडी त्या दिवसांत पुण्याला होती, फास्टॅगचे मेसेज दाखवतो.

रविवारी सकाळी सातला जातोय. इंजिन सुरू करून ठेवू नका असं सांगितलंय. आई पण येतेय, उशी घेऊन. मिस्त्री, शक्य असेल तर तुमच्या ओळखीचा कोल्हापुरातला कुणी माणूस असेल तर मेसेज करा, त्याची मजुरी देतो.

ऑटोनगर मिस्त्री

शाहूपुरीला एक पोरगा आहे, स्कॅनर घेऊन येईल. मेसेज टाकलाय. सीटबेल्ट मात्र तुम्हीच ओढा.