कुस्कोतील बालवाडीत स्वयंसेवक म्हणून काम : दिवस नेमका कसा जातो?

कुतूहल :

नमस्कार. मे ते जुलै या काळात पेरूमधील कुस्को येथे लहान मुलांसोबत स्वयंसेवक म्हणून काम करण्याचा माझा विचार आहे. मी प्रशिक्षित शिक्षिका नाही. स्पॅनिशचे प्राथमिक वर्ग पूर्ण केले आहेत, म्हणजे सावकाश बोललेले कळते, पण उत्तर देताना क्रियापदापाशी गाडी अडते. माझ्यापुढे दोन पर्याय आहेत : बाजारात भाजी-फळे विकणाऱ्या स्त्रियांच्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी चालणारी बालवाडी, आणि मुले कायम जिथे राहतात असे एक बालगृह. मध्यस्थ संस्थेच्या माहितीपत्रकात दोन्हींसाठी एकच छायाचित्र छापले असून ‘मुलांना प्रेम द्या’ यापलीकडे काहीही सांगितलेले नाही. सकाळपासून दुपारपर्यंत प्रत्यक्षात काय करावे लागते, माझे स्पॅनिश पुरेल का आणि या दोहोंतून काय निवडावे, हे जाणकारांनी सांगितल्यास आभारी राहीन.

पाऊलवाट :

शहराच्या डोंगराकडील वस्तीतल्या एका बालवाडीत मी काम केले आहे, त्यामुळे तेवढ्यापुरतेच लिहितो. पेरूमध्ये शालेय वर्ष मार्चमध्ये सुरू होऊन डिसेंबरमध्ये संपते. तुम्ही मे महिन्यात पोहोचाल तेव्हा मुलांची घडी बसलेली असेल, आणि ती मोडू नये एवढीच शिक्षिकेची तुमच्याकडून पहिली अपेक्षा असेल. सकाळी आठच्या सुमारास मुले येतात, गालाला गाल लावून प्रत्येक मोठ्या माणसाला अभिवादन करतात (आपल्याला सुरुवातीला अवघडल्यासारखे होते, पण मागे सरकू नये, मूल हिरमुसते), अंगावर चौकडीचा मांदिल, म्हणजे कपड्यांवरचा अंगरखा, चढवतात आणि थोडा वेळ मनासारखे खेळतात. त्यानंतर गोल करून बसायचे, हजेरी, वार, बाहेर ऊन आहे की ढग याची चर्चा. मग चित्र, माती, गोष्ट असा एखादा उपक्रम, हात धुणे, डबा, अंगणातला खेळ आणि आवराआवर. दुपारी एकच्या आत वर्ग रिकामा होतो.

यात शिकवण्याचे काम शिक्षिकेचे असते आणि ते तिचेच राहू द्यावे. आपल्या वाट्याला येते ते रंगाचे ब्रश धुणे, कागद कापून ठेवणे, रांगेतल्या शेवटच्या मुलासोबत चालणे आणि हात धुण्याची वेळ सांभाळणे. हे शेवटचे काम वाटते तितके सोपे नाही. जूनमध्ये कुस्कोत रात्री तापमान शून्याच्या आसपास उतरते आणि सकाळी नळाचे पाणी बोटे बधिर करते, त्यामुळे मुले नुसती बोटांची टोके भिजवून पळतात. मांदिल, त्याखाली चोंपा म्हणजे लोकरीचा स्वेटर, त्याखाली आणखी एक सदरा अशा तिन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडून, साबण फिरवून, लगेच कोरडे करून पुन्हा बाह्या खाली ओढायच्या, नाहीतर ओली लोकर दिवसभर मनगटाला चिकटून राहते. कोरड्या थंडीने आणि उंचावरच्या उन्हाने गाल लाल होऊन भेगाळलेले असतात. नाक पुसताना कोरडा कागद घासू नये, ओलसर फडके टेकवावे.

डब्याला तिथे लोंचेरा म्हणतात. त्यात उकडलेले अंडे, मोते म्हणजे उकडलेला मका आणि चीजचा तुकडा, एखादे संत्रे असते. सगळी मुले संत्रे सोलून घ्यायला नव्या माणसाकडेच धावतात, कारण जुनी माणसे सोलून देत नाहीत. आमच्या शिक्षिकेचा नियम होता की सालीला फक्त नखाने सुरुवात करून द्यायची आणि संत्रे मुलाच्या हातात परत ठेवायचे. या कामातील बहुतेक निर्णय त्या संत्र्यासारखेच असतात. बुटाची नाडी असो की भांडण, आपण पूर्ण केले की काम लवकर उरकते. पण मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्यासाठी आपल्याकडेच येते, आणि आपण तर जुलैत निघून जाणार असतो.

जूनबद्दल एक सूचना. हा कुस्कोचा उत्सवाचा महिना आहे. २४ जूनला इंती राइमी हा सूर्याचा उत्सव असतो, त्याआधी शाळांची नृत्ये आणि मिरवणुका चालतात, त्यामुळे नेहमीचे वेळापत्रक जवळजवळ बाजूला पडते आणि तुमचे दिवस कमरपट्टे बांधण्यात व हरवलेल्या टोप्या शोधण्यात जातील. २८ आणि २९ जुलैला राष्ट्रीय सण असतो व त्याच सुमारास मध्यावधी सुट्टी लागते, म्हणून परतीचे तिकीट काढण्यापूर्वी सुट्टीच्या तारखा विचारून घ्या.

निळीशाई :

निवडीबाबत माझे मत स्पष्ट आहे : बालगृह नको. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये स्वीकारलेल्या पर्यायी संगोपनाच्या (म्हणजे आई-वडिलांपासून दूर असलेल्या मुलांच्या सांभाळाच्या) मार्गदर्शक तत्त्वांनुसार लहान मुलांची, विशेषतः तीन वर्षांखालील मुलांची सोय कुटुंबात व्हावी. आणि २०१९ च्या बालहक्कविषयक ठरावात आमसभेने अनाथालयांतील स्वयंसेवक-पर्यटनामुळे होणाऱ्या हानीचा वेगळा उल्लेख केला. जगभरातील अशा संस्थांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबीमुळे मूल तिथे पोहोचते, आणि पैसे भरून येणारे पाहुणे वाढले की संस्थेत मुले ठेवण्यालाच आर्थिक कारण मिळते. पहिल्या भेटीत गळ्यात पडणारे मूल पाहून आपण भारावतो. परंतु अनोळखी माणसाला असे बिलगणे हे बहुधा माणसे सतत बदलत राहिल्याचे लक्षण असते. रोमानियातील बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात संस्थेतील मुलांना पालक-कुटुंबात, म्हणजे मूल सांभाळायला घेणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात, हलवल्यावर त्यांच्या भावनिक नात्यांत सुधारणा दिसली. त्या मुलांच्या कामी आली ती टिकून राहणारी माणसे, आणि तीन महिन्यांच्या स्वयंसेवकाला ती जागा भरून काढता येत नाही.

बालवाडीत हा धोका पुष्कळ कमी असतो, कारण मूल दुपारी आईकडे परत जाते. पेरू सरकारचा ‘कुना मास’ हा कार्यक्रमही याच तत्त्वावर चालतो : तीन वर्षांखालील मुलांना दिवसभर सांभाळणाऱ्या स्त्रिया त्याच वस्तीतल्या असतात. मध्यस्थ संस्थेला मात्र दोन प्रश्न लेखी विचारा. तुम्ही भरलेल्या शुल्कापैकी किती रक्कम बालवाडीला पोहोचते, आणि स्वयंसेवकांकडून पोलिस पडताळणीचे प्रमाणपत्र घेतले जाते का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर तिथे जाऊ नये. मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत, हे वेगळे सांगायला नकोच.

डोंगरमाथा :

उंचीचा विषय राहिला. कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर आहे. पहिले काही दिवस उरुबाम्बाच्या खोऱ्यात, म्हणजे सुमारे ५०० मीटर खाली राहून मग शहरात जावे. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी चार वर्षांचे मूल कडेवर घेऊन जिना चढता येत नाही. स्पॅनिशबाबत फार चिंता नको. ‘सिएन्ताते’ (बस), ‘लावाते लास मानोस’ (हात धू) अशा रोजच्या सूचना तोंडी बसल्या की वर्गात निभावते. अडचण येते ती मुलांच्या आजीशी बोलताना. डोंगराकडील वस्त्यांत अनेक घरांत क्वेचुआ ही तिथली मूळची भाषा बोलतात, आणि १९७५ मध्ये तिला अधिकृत भाषेचा दर्जा मिळूनही शहरात ती बोलायला कित्येकजण संकोचतात. तुम्ही तिचे चार शब्द शिकलात तर दारातली संभाषणे लांबतील.

कुतूहल :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बालवाडीचे निश्चित केले आणि ते दोन प्रश्न आजच पाठवले. एक शंका उरते : निघण्याची वेळ येईल तेव्हा मुलांना कसे सांगावे?

पाऊलवाट :

पहिल्याच आठवड्यात सांगावे, तेही शिक्षिकेच्या तोंडून. आमच्या वर्गात दिनदर्शिकेवर माझ्या शेवटच्या दिवशी विमान काढले होते आणि सकाळी गोल करून बसल्यावर मुले त्याच्याकडे बोट दाखवीत. शेवटच्या दिवशी वेळापत्रक नेहमीचेच ठेवा. निरोपाचा कार्यक्रम केला तर रडारड होते आणि नंतर ती शिक्षिकेला निस्तरावी लागते. पुन्हा येईन असे म्हणू नका, कारण मुले तारीख विचारतात. भेट द्यायचीच असेल तर एकेका मुलाला न देता वर्गाला द्या, आणि काय हवे ते शिक्षिकेलाच विचारा. आमच्याकडे बोथट टोकाच्या लहान कात्र्या कायम कमी पडत. त्या कुस्कोतच मिळतात, इथून नेण्याची गरज नाही.