महारेराचा (राज्याच्या बांधकाम नियामक प्राधिकरणाचा) एजंट नंबर काढायचाय, मदत हवी आहे (परीक्षा, फी आणि भावोजींची भागीदारी)

मंडळी, नमस्कार. डोंबिवली पूर्वेला आमचं छोटं झेरॉक्सचं दुकान आहे. सात-आठ वर्षं भाड्याचे फ्लॅट दाखवते आणि लीव्ह अँड लायसन्सचे करार करून देते. लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन पिशवीत घालून लोकांच्या घरी जायचं. परवा एका आजींचा अंगठा मशीन घेईचना, भांडी घासघासून रेषाच उरल्या नव्हत्या. सुनेने खोबरेल चोळलं, मी पुसून काढलं, अकराव्या खेपेला लागला. असा आपला धंदा. दलाली एक महिन्याचं भाडं, तीही निम्मे लोक घासाघीस करून पंधरा दिवसांवर आणतात.

दिवाळीनंतर माझ्या एका भाडेकरूला स्वतःचं घर घ्यायचं होतं. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका नव्या प्रकल्पावर त्यांना तीन रविवार घेऊन गेले. सेल्स ऑफिसातल्या मुलाने फॉर्म पुढे केला, त्यात 'चॅनल पार्टनर' (गिऱ्हाईक आणणारा एजंट) आणि खाली 'महारेरा क्रमांक' असे रकाने. मी नाव-मोबाइल लिहिला, खालचा रकाना कोरा. "राहू दे मॅडम, नंतर बघू," म्हणाला. बुकिंग झालं. दलाली मागायला गेले तर तोच मुलगा म्हणतो, तुमचा नंबर नाही, एंट्री 'डायरेक्ट वॉक-इन' पडलीय. रिक्षाभाडंसुद्धा माझंच गेलं.

आता नंबर काढायचाच असं ठरवलंय. पण मी बारावी कॉमर्स, शेवटची परीक्षा देऊन बावीस वर्षं झाली. नंबरासाठीची परीक्षा कितपत अवघड असते? मराठीत देता येते का? दुसरं म्हणजे, भावोजी (माझे दीर) म्हणतात दोघांची भागीदारी फर्म काढू, पाटीवर बरं दिसतं. तिसरं, ओळखीचा एक एजंट म्हणतो, "कशाला एवढा खटाटोप, माझा नंबर टाक, तीस टक्के मला दे." हे चालतं का? आणि नंबर येईपर्यंत भाड्याची कामंही बंद ठेवायची का? जाणकारांनी सांगावं.

पारावरचा_गप्पिष्ट: शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. रेरा (बांधकाम-विक्रीच्या) कायद्याच्या कलम 9 चं बंधन आहे ते रेरात नोंदलेल्या प्रकल्पातल्या विक्रीला. भाडेकरार त्यात येत नाहीत. तुमचे अंगठे बिनघोर चालू ठेवा.

दुसऱ्याचा नंबर मात्र चुकूनही वापरू नका. विनानोंदणी एजंटगिरीला कलम 62 खाली दिवसाला 10,000 रुपये दंड आहे, आणि तो त्या फ्लॅटच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. वर तीस टक्के त्याला! हा कुठला हिशेब?

सातबारा_वाचणारी: ताई, मी मागच्या वर्षी परीक्षा दिली, मराठीतून. घाबरण्यासारखं काही नाही. जानेवारी 2023 च्या आदेशाने महारेराने आधी प्रशिक्षण, मग परीक्षा, मग नोंदणी असा क्रम लावला. मान्यताप्राप्त संस्थेचं 20 तासांचं प्रशिक्षण, त्यानंतर आयबीपीएसची ऑनलाइन परीक्षा. म्हणजे बँकांच्या परीक्षा घेतात तेच. सगळे बहुपर्यायी प्रश्न.

पाठांतरापेक्षा समज लागते. उदाहरणार्थ कार्पेट एरिया. फ्लॅटच्या आतल्या भिंती त्यात धरतात, बाहेरच्या नाहीत आणि बाल्कनीही नाही. आमच्या वर्गात पंधरा वर्षं धंद्यात असलेले एक काका बाल्कनी धरूनच गिऱ्हाइकाला सांगत आले होते, त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तसंच, करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. तुम्ही रोज करारच करता, तुम्हाला हे सोपं जाईल.

भागीदारीबद्दल: एकट्याच्या नावावर फी 10,000 रुपये, फर्म केली की 1 लाख. नोंदणी दोन्हीकडे 5 वर्षांचीच. भावोजींना म्हणावं, पाटी नंतर रंगवू.

पारावरचा_गप्पिष्ट: +1. आणि त्या सेल्स ऑफिसचं विसरा. तुमच्या हातात ना नंबर, ना लेखी काही. पुढच्या वेळी पहिल्याच भेटीला फॉर्म भरून त्याचा फोटो काढा आणि पार्टी तुमची असल्याचा मेल त्यांच्याकडून घ्या. मोबाइलवरचं "हो मॅडम" कामाचं नाही.

धागाकर्ती: दोघांचे मनापासून आभार. भावोजींना 1 लाखाचा आकडा सांगितला, ते चहा अर्धा टाकून उठले. एकटीच्याच नावावर काढते. अजून एक अडचण: अर्जाला तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं लागतात असं वाचलं. माझी एकाच वर्षाची आहे, बाकी दोन वर्षं उत्पन्न करपात्रच नव्हतं.

सातबारा_वाचणारी: मग त्या वर्षांसाठी विवरणपत्र भरायची गरज नव्हती असं घोषणापत्र जोडायचं, तशी सोय आहे. पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो तयार ठेवा. पण आधी प्रशिक्षणाला नाव घाला. परीक्षेचं प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

धागाकर्ती: शनिवारी चार अंगठे आहेत. ते उरकले की नाव घालते.