मदत हवी आहे: बाबांच्या १५ पिनांच्या जुन्या जॉयस्टिकचा पॉट (पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवला की रेझिस्टन्स बदलणारा भाग) कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

बाबांची जॉयस्टिक साउंड कार्डाच्या गेमपोर्टला (जॉयस्टिकसाठीच्या जुन्या सॉकेटला) लागणारी, १५ पिनांची आहे. विंडोज ९८ च्या मशीनवर ते अजूनही रोज संध्याकाळी विमान उडवतात. हल्ली विमान सरळ चाललेलं असताना मध्येच डावीकडे झटका खातं. कॅलिब्रेशन केलं की थोडा वेळ बरं चालतं, मग पुन्हा तेच.

खोलून मल्टिमीटर लावला. पिन १ आणि ३, म्हणजे एक्स अक्ष. दांडी टोकापासून टोकापर्यंत नेली की रेझिस्टन्स जवळजवळ शून्यापासून १०० के (किलोओहम) पर्यंत जातो, पण मधोमध उड्या मारतो. वाय अक्ष (पिन १ आणि ६) एकदम स्वच्छ. म्हणजे एक्सच्या पॉटचा कार्बनचा पट्टा मध्ये झिजलाय. दांडी सर्वात जास्त वेळ तिथेच तर असते. कॉन्टॅक्ट क्लीनरने आठवडाभरही फरक टिकला नाही.

आता अडचण. मुंबईत लॅमिंग्टन रोडला १०० के लिनियर (फिरवण्याच्या प्रमाणात रेझिस्टन्स बदलणारा) पॉट सहज मिळेल, पण साधा पॉट ३०० अंशांच्या आसपास फिरतो आणि ही दांडी त्याला जेमतेम ६० अंश फिरवते. म्हणजे २० के च मिळणार. जुन्या पॉटचा पट्टाच आखूड असणार. मग ४७० के लिनियर लावला तर? हिशेबाने ९४ के येतात. कुणी प्रत्यक्ष केलंय का?

दुसरं, मशीन कधीतरी बंद पडणारच, आणि विस्टापासून विंडोजने गेमपोर्ट सोडून दिला. तेव्हा आत्ताच यूएसबी करून घ्यावी का? ‘नवीन घ्या’ हा सल्ला कृपया नको. बाबांचा हात या दांडीवर बसलाय आणि त्यांना हीच हवी आहे.

प्रतिसाद: ४७० के चालतो, मी लावलाय. फक्त दांडी एका टोकाला असताना पॉट शून्याच्या जरा पुढे ठेवून मग घट्ट करा. पॉट मधोमध बसवलात तर रेझिस्टन्स साधारण १९० ते २८० के मध्येच राहील आणि कॅलिब्रेशन होणार नाही. जुना पॉट सोबत न्या, पॉटच्या दांड्याची (शाफ्टची) लांबी आणि काप जुळायला हवा. यूएसबीसाठी प्रो मायक्रो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घ्या, त्यात जॉयस्टिकचा प्रोग्राम टाकला की संगणक त्याला थेट जॉयस्टिक म्हणून ओळखतो. तिथे मात्र पॉटचे तिन्ही पाय जोडायचे आणि १० के लिनियर घ्यायचा. जागा असेल तर चुंबक आणि हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र ओळखणारा सेन्सर) बसवा, त्यात घासणारं काही नसतं.

धागाकर्ती: खूप आभार! आधी ४७० के लावते, म्हणजे बाबांचं उड्डाण थांबणार नाही. हॉल सेन्सरसाठी आतली जागा मोजून फोटो टाकते. चुंबक दांड्याच्या टोकावर चिकटवलात की बाजूला?