गॅरेजला कुठली लादी? चिपळूणच्या आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

शनिवार

बंगला ४ (सकाळी ७:५०)
सुप्रभात. सगळ्यांकडून सल्ला हवाय. परवा आमचे बाबा गॅरेजमध्ये पाय घसरून पडले. हाड मोडलेलं नाही, पण कोपर आणि कंबर चांगलीच शेकली आहे. गाडी पावसातून आत आली की कोबा दिवसभर ओला राहतो, आणि घरात शिरायचं रोजचं दार आमचं गॅरेजमधूनच. म्हणून त्या एकमेकांत अडकवायच्या लाद्या बघतेय. दुकानात दोन प्रकार दाखवले. एक जाळीची, कडक. दुसरी भरीव, रबरासारखी वाकणारी. गॅरेज १० फूट बाय १८ फूट आहे. कोणी टाकल्या आहेत का?

बंगला ७ (७:५८)
अगं, काल कळवायचंस ना! दुपारी येते बाबांना बघायला. डबा मी आणते, स्वयंपाक करत बसू नकोस.

बंगला २ (८:०५)
वहिनी, जाळीची घ्या. पाणी खाली जातं, वर पाय कोरडा. कराडला मित्राच्या गॅरेजमध्ये पाहिल्यात, एका दुपारी दोघांनी बसवल्या. सिमेंट नाही, मिस्त्री नाही.

बंगला ११, सध्या मिसिसागा, कॅनडा (८:२०)
इकडे आमच्याकडे जाळीच्याच आहेत. हिवाळ्यात चाकांना आणि मडगार्डला चिकटून बर्फ आत येतो, त्याबरोबर रस्त्यावर टाकलेलं मीठ. रात्रीत ते सगळं वितळतं आणि जाळीतून खाली जातं. सकाळी ऑफिसच्या बुटांनी गाडीपर्यंत जाता येतं. पण वर्षातून एकदा, बर्फ संपला की, लाद्या उचलून खालचा मिठाचा चिखल धुवावाच लागतो. आणि इथली हिवाळ्याची हवा कोरडी, त्यामुळे खालचं पाणी सुकून जातं. आपल्या आषाढात ते कसं सुकेल, हा मला प्रश्नच आहे.

बंगला ६ (८:४१)
मी लिहू का नको असं झालं होतं, पण लिहितोच. आमच्याकडे जाळीच्या होत्या. २२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी आत शिरलं तेव्हा अख्खी लादी एका तुकड्यात उचलली गेली. आम्ही वरच्या जिन्यात उभं राहून बघत होतो, तराफ्यासारखी तरंगत होती. पाणी उतरलं तशी ती मागच्या भिंतीला तिरकी टेकून बसली आणि तिच्या खाली वाशिष्ठी नदीचा गाळ. जाळीच्या प्रत्येक भोकात गाळ. तीन दिवस आम्ही घरातली माणसं खराट्याच्या काड्यांनी तो टोकरत होतो. शेवटी निम्म्या लाद्या टाकून दिल्या.

बंगला २ (८:४४)
प्लास्टिक तरंगलं? गाडी वर असूनही?

बंगला ६ (८:४७)
गाडी आदल्या रात्रीच उंचावर नेऊन ठेवली होती. गॅरेज रिकामं होतं.

बंगला ९ (९:१५)
तरंगणारच. जाळीच्या कडक लाद्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, ज्याला दुकानात पीपी म्हणतात. त्याची घनता ०.९ च्या आसपास, म्हणजे पाण्याहून हलकं. भरीव, वाकणारी लादी पीव्हीसीची. ती पाण्याहून जड, बुडते. बादलीत दोन्ही नमुने टाकून बघा, लगेच कळेल. आपल्या गावात लादी निवडताना हे आधी बघायला हवं, रंग मागाहून.

आता सूनबाई, तुमच्यासाठी नीट लिहितो. थोडं लांबेल.

लादी कुठली हे लादीवर ठरत नाही, खालच्या कोब्यावर ठरतं. तुमचा कोबा ओला आहे, पण ओल कुठून येते? तीन वाटा आहेत. गाडीवरून निथळलेलं पाणी. पावसाळी दमट हवेतून थंड कोब्यावर येणारा घाम. आणि तिसरी, जमिनीतून वर चढणारी ओल. पहिल्या दोन्हींवर लादी हा उपाय आहे. तिसरी असेल तर भरीव लादी म्हणजे ओलीवर झाकण. खाली लोणा फुटतो, पांढरी पूड साचते, कुबट वास घरात येतो. वरून मात्र सगळं छान दिसत राहतं, म्हणून ते जास्त वाईट.

तपासायला खर्च नाही. दीड फूट चौरस जाड, पारदर्शक प्लास्टिक घ्या. कोब्याचा तेवढा भाग फडक्याने कोरडा पुसा, पंख्याखाली तासभर सुकवा, मग प्लास्टिक चारी बाजूंनी रुंद चिकटपट्टीने हवाबंद चिकटवा. २४ तास हात लावू नका. दुसऱ्या दिवशी थेंब प्लास्टिकच्या वर असतील तर हवेतला घाम. खाली असतील किंवा कोबा काळपट झाला असेल तर ओल जमिनीतून आहे. एक तुकडा मागच्या भिंतीशी लावा, एक मध्ये, एक दाराशी. आणि आत्ताच करा. हीच तपासणी मे महिन्यात केली तर सगळं कोरडं दिसतं आणि माणूस फसतो.

बंगला ४ (९:३०)
काका, आजच लावते. खूप आभार.

बंगला १, सेक्रेटरी (९:४०)
मी पेव्हर ब्लॉक सुचवणार होतो. सोसायटीच्या आतल्या रस्त्याला आपण ६० मिलिमीटरचे, एम-३५ ग्रेडचे घातलेत, हलक्या वाहनांना तेच लागतात. उरलेले पन्नास-साठ ब्लॉक पंपाशेजारी पडून आहेत, हवे असतील तर घेऊन जा.

बंगला ९ (९:५२)
साहेब, रस्त्याला उत्तम, पण बंद गॅरेजला नको. ६० चा ब्लॉक आणि खाली वाळूचा थर मिळून चार इंच उंची वाढते. शटर बसणार नाही, घराच्या दाराची पायरी बुडेल. आणि पुरात सांध्यांतली वाळू धुऊन गेली की ब्लॉक डुगडुगतात. पडलेल्या माणसाच्या घरात डुगडुगणारा ब्लॉक नको.

बंगला १, सेक्रेटरी (९:५४)
मान्य.

बंगला ५ (१०:२०)
आमच्या भरीव पीव्हीसीच्या आहेत, चौथं वर्ष. चालायला फार चांगल्या, पडलेली वस्तू फुटत नाही, गुडघ्यांनाही बरं वाटतं. एक तक्रार खरी. कुंभार्ली घाट उतरून गाडी आणली की टायर तापलेले असतात, तशीच उभी केली जाते, आणि नेमकं चार चाकांच्या जागी तपकिरी-पिवळे डाग पडले आहेत. साबण, सोडा, रॉकेल सगळं केलं. जात नाहीत.

बंगला ९ (१०:३१)
जाणार नाहीत. तो मळ नाही. टायरच्या रबरातली द्रव्यं पीव्हीसीत मुरतात, डाग आतून असतो. म्हणून पीव्हीसी घ्यायची तर काळी किंवा गडद राखाडी. फिका रंग हवाच असेल तर चाकांच्या दोन पट्ट्या गडद रंगाच्या करायच्या. पीपीला हा त्रास फारसा होत नाही.

बंगला २ (१०:३५)
आणि बुलेटचा साइड स्टँड? ती तर एका टोकावर उभी असते.

बंगला ९ (१०:४४)
चांगला प्रश्न. जाळीवर स्टँडचं टोक भोकात शिरतं किंवा पट्टी तडकते. भरीववर खळगा पडतो, बराचसा परत भरून येतो. दोन्हीकडे स्टँडखाली चपटी लोखंडी पट्टी किंवा प्लायचा तुकडा ठेवायचा. जॅक लावतानाही तेच.

बंगला ७ (११:०२)
माझी भीती वेगळी. आपल्याकडे विंचू, गोम, पावसात कधी सापाची पिल्लं. जाळीखाली बोटभर पोकळी म्हणजे त्यांना घरच. मागच्या वर्षी आमच्या साध्या पायपुसण्याखाली गोम निघाली होती. शिवाय लहान मुलं तिथे बसून खेळतात.

बंगला ६ (११:०६)
काकू, खरंय. गाळ काढताना आम्हाला तेही निघाले.

बंगला ११, सध्या मिसिसागा (११:१५)
हे मला सुचलंच नसतं. आणि तेल किंवा पेट्रोल गळलं तर जाळीखाली जातं, वरून दिसत नाही, वास येईपर्यंत कळत नाही. बंद जागेत ते धोक्याचं. भरीववर निदान डोळ्यांसमोर राहतं आणि पुसता येतं.

बंगला ४ (दुपारी १:१०)
दुकानातून दोन्हींचे चार-चार नमुने आणले. बादलीत टाकून पाहिलं, काका म्हणाले तसंच, जाळीची वर, भरीव तळाला. मग बाबांना खुर्चीवर बसवून दोन्हींवर काठी टेकवायला दिली. जाळीवर काठीचं रबर कधी पट्टीवर बसतं, कधी अर्धं भोकावर, आणि किंचित हलतं. बाबा म्हणाले, "हिच्यावर माझा भरवसा बसत नाही." भरीववर पाणी ओतून पुन्हा टेकवली. वरचा खवला असलेली घट्ट धरते, गुळगुळीत असलेली ओली झाली की सटकते. तेव्हा भरीव, खवल्याची. माझ्यापुरतं ठरलं. आता किती लागतील?

बंगला ९ (१:४०)
लादीचं माप काय?

बंगला ४ (१:४२)
५० सेंटिमीटर चौरस, जाडी ७ मिलिमीटर. जाळीची ४० ची होती.

बंगला ९ (२:०५)
मग छान जमतंय. क्षेत्रफळाला भागून संख्या काढू नका, ओळी मोजा. रुंदी १० फूट म्हणजे ३०५ सेंमी. ५० च्या सहा ओळी ३०० होतात, दोन्ही भिंतींशी अडीच-अडीच सेंमी मोकळे. तिकडे कापायचंच नाही. लांबी १८ फूट म्हणजे ५४९. अकरा लाद्या ५५० होतात, म्हणून मागच्या भिंतीशी शेवटची ओळ दोन सेंमी कापा, म्हणजे एक सेंमी फट राहील. ६ गुणिले ११, एकूण ६६. चार जादा घ्या, रंग पुढे मिळेलच असं नाही. ४० ची असती तर ८ गुणिले १४, ११२ लागल्या असत्या, आणि क्षेत्रफळाने हिशोब केला असता तर १०५ घेऊन शेवटी अडकला असता.

फट सोडणं ऐच्छिक समजू नका. उन्हाळ्यात प्लास्टिक वाढतं. साडेपाच मीटर लांबीला २० अंशांच्या फरकात साधारण एक सेंमीपर्यंत वाढ धरा. जागा नसेल तर मध्येच फुगवटा येतो, आणि त्याला ठेच लागून माणूस पुन्हा पडतो.

बंगला ५ (२:११)
हे आमच्याकडे झालंय. मिस्त्रीने भिंतीला खेटून बसवल्या होत्या, पहिल्याच एप्रिलमध्ये मधोमध उंचवटा. मग एक कड कापून घेतली, बसल्या खाली.

बंगला ९ (२:१८)
शटरबद्दल एक. लादी शटरच्या रेषेच्या आत संपवा. शटर कोब्यावरच टेकू दे, नाहीतर खालून पाऊस आत येईल. आणि कडेला उताराची पट्टी लावा. सात मिलिमीटर म्हणजे काही नाही असं आपल्याला वाटतं. पाय घासत चालणाऱ्याला तेवढं पुरतं.

रविवार

बंगला ४ (सकाळी ११:२०)
फोटो टाकलेत. दारापाशी आणि मध्ये थेंब प्लास्टिकच्या वरच्या बाजूला, खाली कोरडं. मागच्या भिंतीशी मात्र प्लास्टिकच्या आतून थेंब धरलेत आणि कोबा हातभर काळा पडलाय.

बंगला ९ (११:३५)
फोटो पाहिले. मागची भिंत तुमच्या परसाकडची, बरोबर? तिथे पागोळ्या भिंतीच्या पायाशी पडतात. जांभ्याचा चिरा ते पाणी पितो आणि आत सोडतो. पन्हळ लावून पाणी लांब न्या, बाहेरून पायाशी कोब्याची उतरती पट्टी करून घ्या. सगळी लादी त्यानंतर, दसऱ्याच्या सुमाराला. तोवर मागचे चार फूट झाकू नका.

बंगला ४ (११:४१)
पण काका, दसऱ्यापर्यंत बाबा कशावरून चालणार? मला तोच घोर आहे.

बंगला ९ (११:५५)
म्हणूनच ही लादी चांगली. ती चिकटवायची नसते. शटरपासून घराच्या दारापर्यंत दोन लाद्यांची पट्टी टाका, मीटरभर रुंद. तुमचं दार डाव्या भिंतीला, मध्यावर आहे ना? म्हणजे सहा ओळी पुरतील, बारा लाद्या. त्या भागात ओल खालून नाही, हे आता माहीत आहे. आठवड्यातून एकदा कोपरा उचलून खाली बघा. दसऱ्याला याच पट्टीला पुढच्या लाद्या जोडायच्या, काही वाया जात नाही. एक लादी साधारण अडीच किलोची, तेव्हा पट्टी सरकणारही नाही. तरी दोन दिवस वर चालून बघा.

बंगला ६ (दुपारी १२:०२)
आणि वरून पुराची सूचना आली की लाद्या सोडवून माळ्यावर. भरीव तरंगणार नाही, पण खाली गाळ शिरणारच. बारा लाद्या दहा मिनिटांत निघतात. मी येईन मदतीला, रात्री असलं तरी.

बंगला २ (१२:०५)
वहिनी, लाद्या आणायला माझी गाडी घेऊन जाऊ. तीन वाजता निघूया? पीव्हीसी साध्या धारदार कटरने पट्टीला धरून कापली जाते, तो माझ्याकडे आहे. उताराच्या कडा मी बसवून देतो.

बंगला ७ (१२:०९)
मी बाबांपाशी बसते तोवर.

बंगला ४ (१२:२०)
तीनला तयार राहते. पन्हळवाल्याचा नंबर सेक्रेटरीसाहेब, तुमच्याकडे असेल तर मला खासगीत पाठवा.
लादी गडद राखाडी सांगणार होते, कडाही त्याच रंगाच्या. बाबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "लादी तुला हवी ती घे. कडेची पट्टी पिवळी आण, संध्याकाळी मला पिवळंच दिसतं." तेव्हा कडा पिवळ्या.