ब्रिटिश पलटणींच्या हेल्मेटवरील बिल्ले : अस्सल नमुना ओळखावा कसा?

नवसंग्राहक

नमस्कार. ब्रिटिश लष्कराच्या इतिहासाचे वाचन मी बरीच वर्षे करतो आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पायदळातील शिपाई व अधिकारी आपल्या निळ्या हेल्मेटच्या दर्शनी भागावर चांदणीच्या आकाराचा जो मोठा बिल्ला लावत, त्या बिल्ल्यांचा एक लहानसा संग्रह करावा असे आता मनात आहे. इंग्लंडमधील एका विक्रेत्याने मला दोन नमुन्यांची छायाचित्रे पाठवली आहेत. पहिला शिपायाचा, पितळी असून त्याच्या मध्यभागी ६६ हा आकडा आहे. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानातील मैवंदच्या लढाईत पडलेल्या सैनिकाच्या हेल्मेटवरून तो काढलेला आहे, असे विक्रेता लिहितो. दुसरा डॉर्सेटशायर रेजिमेंटच्या अधिकाऱ्याचा, सोनेरी मुलाम्याचा आहे. त्याच्या मध्यभागी काळी मखमल, तिच्यावर किल्ला व किल्ली, आणि वरचा मुकुट घुमटासारखा गोल आहे. हा बिल्ला १८८१ सालचा असल्याचे सांगितले जाते.

खरेदीपूर्वी नेमके काय तपासावे? शिवाय संपूर्ण बिल्ले जमवावेत की काही संग्राहकांप्रमाणे केवळ मधली वर्तुळे जमवावीत, आणि जुना पितळी नमुना स्वच्छ करावा की नाही, याविषयीही जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शाको१८६९

आपण वर्णन इतके नेमके दिले आहे की, बिल्ले हाती न घेताही पुष्कळ सांगता येईल. या क्षेत्रात पहिली कसोटी कालक्रमाची असते. शाको ही उभट टोपी जाऊन १८७८ मध्ये बुचाच्या साच्यावर निळे कापड चढवलेले हेल्मेट आले आणि त्यासोबत आठ टोकांच्या चांदणीचा हा बिल्ला आला. चांदणीचे सर्वांत वरचे टोक नसते, त्याच्या जागी मुकुट असतो. आरंभी बिल्ल्याच्या मध्यभागी पलटणीचा क्रमांक असे. परंतु १ जुलै १८८१ पासून, युद्धमंत्री चिल्डर्स यांच्या सुधारणांनुसार, क्रमांकांच्या जुन्या पलटणींच्या जोड्या करून त्यांना परगण्यांची नावे देण्यात आली आणि बिल्ल्यावरील आकड्याची जागा नावाने व मानचिन्हाने घेतली. म्हणजे क्रमांकाचा बिल्ला जेमतेम तीन वर्षे वापरात होता. तो दुर्मीळ का आणि त्याच्या नकला इतक्या का निघतात, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर या तीन वर्षांतच आहे.

दुसरी खूण मुकुटाची. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील मुकुटाच्या कमानी मधोमध किंचित खाली झुकलेल्या असतात, तर सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानंतर, म्हणजे १९०१ पासून पुढे, आलेल्या मुकुटाच्या कमानी गोल असतात. आपण दुसऱ्या बिल्ल्याच्या मुकुटाचे जे वर्णन केले आहे ते खरे असेल, तर तो १८८१ चा असूच शकत नाही. तो १९०१ ते १९१४ या काळातला असणार, कारण पहिले महायुद्ध सुरू होताच या हेल्मेटचा वापर थांबला. एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. मात्र त्याचा काळ आणि पर्यायाने त्याची किंमत वेगळी ठरते, आणि विक्रेत्याच्या इतर विधानांकडेही सावधपणे पाहावे लागते.

मैवंदच्या कथेबद्दल मला अधिक शंका आहे. ६६ वी बर्कशायर पलटण त्या लढाईत होती आणि तिची भयंकर हानी झाली, हे निर्विवाद आहे. रेडिंगच्या फोरबरी बागेतील सिंहाचा प्रचंड पुतळा तिच्याच स्मरणार्थ उभा आहे. पण निळ्या कापडाचे हेल्मेट मायदेशातील गणवेशाचा भाग होते. मोहिमेवर पांढरे हेल्मेट असे, आणि त्या काळातील मोहिमांत ते चहासारख्या पदार्थांनी मळकट रंगवून त्यावरील चकाकणारा बिल्ला काढून ठेवण्याची रीत होती, कारण उन्हात चमकणारे पितळ दुरूनही नजरेस पडते. त्यामुळे बिल्ला अस्सल असला तरी त्याला जोडलेली रणांगणाची गोष्ट पुराव्याशिवाय स्वीकारू नये, आणि त्या गोष्टीसाठी एक पौंडही जास्त मोजू नये. ज्या माणसांचे प्राण तिथे गेले त्यांच्या नावावर खोटी वस्तू खपवली जाणे मला फार क्लेशदायक वाटते.

आणखी एक तपासणी अनेकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे त्या पलटणीने हे हेल्मेट मुळात घातले होते का. नियमित सैन्यातील फ्युझिलियर पलटणी केसाळ टोप्या घालत, स्कॉटलंडच्या हायलँड पलटणी पिसांच्या उंच टोप्या, तर गार्ड्‌स अस्वलाच्या कातड्याच्या. अशा पलटणीच्या नावाचा निळ्या हेल्मेटचा चांदणीबिल्ला समोर आला, तर प्रश्न विचारलेच पाहिजेत.

ठसाआणिसाचा

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. माझे लक्ष मात्र नेहमी बिल्ल्याच्या पाठीकडे असते, म्हणून विक्रेत्याकडून मागील बाजूची, तिरप्या उजेडातील छायाचित्रे आधी मागवावीत.

शिपायाचा अस्सल बिल्ला पत्र्यावर ठशाचा दाब देऊन घडवलेला असतो, त्यामुळे पुढे जे उंच असते ते मागे खोलगट दिसते. ओतीव नकलेची पाठ बहुधा सपाट, रवाळ, बारीक छिद्रांची असते. अक्षरांच्या कडा गोलसर होतात, आणि साच्यातील धातू थंड होताना आकुंचन पावत असल्याने नक्कल मूळ नमुन्यापेक्षा किंचित लहान भरते. अधिकाऱ्यांच्या बिल्ल्याची मापे गणवेशाच्या नियमावलीतच दिलेली होती : मुकुटाच्या माथ्यापासून तळापर्यंत ५ इंच आणि चांदणीची सर्वाधिक रुंदी सव्वाचार इंच, दोन्ही मापे मागच्या बाजूने घेतलेली. मागच्या बाजूने असे मुद्दाम म्हटले आहे, कारण बिल्ला हेल्मेटच्या गोलाईवर बसण्यासाठी बाकदार असतो. अगदी सपाट बिल्ला दिसला तर थांबून विचार करावा, मात्र पूर्वीच्या संग्राहकांनी फळ्यांवर ठोकताना अस्सल बिल्लेही सपाट केलेले आढळतात, हेही ध्यानात असू द्यावे.

झीज हा फार बोलका पुरावा आहे. शिपाई पितळ रोज घासत असे, त्यामुळे मुकुटाची टोके आणि चांदणीच्या किरणांच्या मधल्या धारा गुळगुळीत होतात, पण पाकळ्यापानांच्या आतल्या खाचा टोकदार राहतात. जिथे उंच भाग आणि खोल भाग सारखेच बोथट दिसतात, तिथे ती झीज हातांनी झालेली नसून साच्यातून आलेली असते. बिल्ला हेल्मेटला अडकवण्यासाठी मागे जोडलेल्या कड्याही पाहाव्यात. जुन्या बिल्ल्याचा पृष्ठभाग काळपट झालेला असताना कडीभोवतीचे सोल्डर (डाख) मात्र लख्ख आणि ओबडधोबड थापलेले दिसले, तर कडी नंतर बसवलेली आहे. ती दुरुस्तीही असू शकते, परंतु तसे विक्रेत्याने स्वतःहून सांगायला हवे.

सर्वांत अवघड प्रकार पुनर्मुद्रित नमुन्यांचा. जुने ठसे शिल्लक राहिले आणि त्यांवरून संग्राहकांसाठी नव्याने बिल्ले काढले गेले. त्यांचे माप बरोबर, पाठ बरोबर, नक्षीही बरोबर असते. तिथे धातूचा रंग, पत्र्याची जाडी आणि कड्यांची बनावट खात्रीच्या नमुन्याशेजारी ठेवून पाहण्यावाचून दुसरा मार्ग नाही. चेल्सीमधील नॅशनल आर्मी म्युझियम, डॉर्चेस्टरमधील ‘द कीप’ हे लष्करी संग्रहालय आणि सॉल्झबरीतील बर्कशायर व विल्टशायर पलटणींचे संग्रहालय येथील नमुने या दृष्टीने उपयोगी पडतील.

नवसंग्राहक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मागील बाजूची छायाचित्रे मिळाली. ६६ क्रमांकाच्या बिल्ल्याची पाठ रवाळ आहे आणि आकड्याच्या मागे खोलगटपणा अजिबात नाही, त्यामुळे तो मी नाकारला. डॉर्सेटशायरच्या बिल्ल्यावर चांदणी, पानांची माळ आणि मधला भाग हे वेगवेगळे तुकडे असून ते मागून तारेने अडकवलेले दिसतात. हे योग्य आहे का?

शाको१८६९

होय, अधिकाऱ्यांच्या बिल्ल्यांची बांधणी अशीच असते आणि हे लक्षण आशादायक आहे. मधले सर्व तपशील जुळतात का ते पाहा : किल्ला व किल्ली हे डॉर्सेटशायर रेजिमेंट ज्या दोन पलटणींपासून बनली त्यांपैकी ३९ व्या पलटणीने १७७९ ते १७८३ या वेढ्यात जिब्राल्टर राखल्याचे चिन्ह आहे, ‘प्रायमस इन इंडिस’ हे बोधवाक्य भारतात आलेली राजाची पहिली पलटण म्हणून तिलाच मिळाले, तर ‘मॅराबू’ हे नाव व स्फिंक्स १८८१ मध्ये तिला जोडलेल्या ५४ व्या पलटणीकडून, १८०१ च्या इजिप्त मोहिमेतून आले. एका तळहाताएवढ्या वस्तूवर दोन पलटणींचा असा एकत्र इतिहास वाचता येतो, म्हणूनच मला १८८१ नंतरचे बिल्ले क्रमांकांच्या बिल्ल्यांहून अधिक प्रिय आहेत.

केवळ मधली वर्तुळे जमवण्याचा मार्ग नवोदितासाठी चांगला आहे. १८८१ नंतर शिपायांच्या बिल्ल्यात चांदणी सर्व पलटणींना सारखीच असे आणि पलटणीचे नाव असलेले वर्तुळ तिच्यात वेगळे बसवले जाई. वर्तुळे सुटी मिळतात, जागा कमी लागते आणि पलटणींची विविधता लवकर हाती येते. मात्र याच रचनेमुळे सामान्य चांदणीत दुर्मीळ वर्तुळ बसवून पूर्ण बिल्ला म्हणून विकणे सोपे जाते. तेव्हा दोन्ही भागांची झीज आणि रंग एकमेकांशी जुळतात का, हे जरूर पाहावे. पांढऱ्या धातूचा नमुना दिसला तर तो घाईने नाकारू नये, कारण स्वयंसेवक बटालियनांचे बिल्ले रुपेरी असत.

ठसाआणिसाचा

स्वच्छतेविषयी थोडक्यात लिहितो. सोनेरी मुलाम्याला पितळेची पॉलिश कधीही लावू नये; मुलामा अतिशय पातळ असतो आणि एकदा गेला की परत येत नाही. मखमलीला पाणी लागू देऊ नये, मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटकणे पुरे. शिपायांच्या पितळी बिल्ल्यावरील काळपट थर मी तसाच ठेवतो, परंतु कड्यांभोवती हिरवा कळंक धरला असेल तर लाकडी काडीने तो हलकेच खरवडून काढावा आणि नंतर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यावा. ठेवण्यासाठी आम्लरहित कागद वापरावा. रबर किंवा लोकरीचे कापड शेजारी नसावे, त्यांतील गंधकामुळे चांदीचा भाग लवकर काळा पडतो.

डॉर्सेटशायरचा बिल्ला घेण्यापूर्वी मखमलीचे एक जवळून घेतलेले छायाचित्र येथे टाकावे. कडेची मखमल विटलेली आणि चिन्हाखालची गडद राहिलेली असेल, तर ती जुनी आहे असे मानायला चांगला आधार मिळेल.