कॉफी + आईस्क्रीम + रम: मशीनशिवाय घरी कसं जमवायचं?

ठाणेकर_खादाड
लोकहो, जरा मदत करा. शनिवारी कॉलेजचा जुना ग्रुप जेवायला येतोय, आम्ही धरून दहा जण. मटण-भाकरी ठरलंय त्यामुळे नंतर गुलाबजाम वगैरे कोणाच्या घशाखाली उतरणार नाही, तर बायकोच्या डोक्यात आलंय की गोड म्हणून कॉफी, आईस्क्रीम आणि रम असं काहीतरी ग्लासातच द्यायचं. मागे गोव्याला एका ठिकाणी घेतलं होतं, चमच्याने खायचं की प्यायचं तेच कळत नव्हतं पण होतं भारी. घरी एस्प्रेसो मशीन नाही, इन्स्टंट कॉफी आहे, मिक्सर आहे. कालुआ (कॉफीची गोड लिकर) आणावीच लागेल का? महाग आहे आणि उरली तर कपाटात पडून राहणार. ओल्ड मंक चालेल का? किती आणू? आणि दोघं जण घेत नाहीत, त्यांना काय द्यायचं तेही सांगा.

फिल्टरवाली
ओल्ड मंक चालेल काय, धावेल! त्या रमला स्वतःचाच व्हॅनिला आणि जळक्या साखरेचा वास असतो, कॉफीबरोबर मस्त जुळतो. कालुआ म्हणजे तरी काय, रम, कॉफी आणि भरपूर साखर. साखर तुमच्या आईस्क्रीममध्ये आहेच की, मग वेगळे पैसे कशाला घालवायचे. फक्त एक लक्षात ठेवा, कालुआ बरीच सौम्य असते आणि ओल्ड मंक ४२.८ टक्के, त्यामुळे कुठल्या रेसिपीत ६० मिली कालुआ लिहिलेली असेल तर तिथे ६० मिली रम ओतू नका, ३० बास.

माझी पद्धत सांगते. ग्लासात आईस्क्रीमचे दोन गोळे, त्यावर ३० मिली रम, त्यावर ४० मिली गरम कडक कॉफी, आणि लगेच हातात द्यायचं. इटलीत याला अफोगातो म्हणतात, तिकडे मूळ प्रकारात दारू नसते, पण घालणारेही बरेच आहेत. मशीनची अजिबात गरज नाही, आपला साधा साउथ इंडियन फिल्टर आणा. वरच्या भांड्यात पावडर हलकी दाबून भरायची, उकळतं पाणी थोडंच घालायचं, आणि पहिली जी दाट डिकॉक्शन उतरते तेवढीच घ्यायची, दुसऱ्या पाण्याची सकाळी दूध घालून प्या. उतरायला अर्धा तास तरी धरा म्हणजे पाहुणे यायच्या आधीच काढून ठेवा आणि वाढताना गरम करा, पण उकळू नका, कडवट होते.

मोका_मास्तर
वरच्या ताईंशी ९०% सहमत, उरलेले १०% चिकोरीसाठी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) राखून ठेवतो. फिल्टर कॉफी घ्यायची तर पाकिटावर चिकोरी किती ते बघा, बाजारात ७०:३० (७० कॉफी, ३० चिकोरी) पण असते. दुधाच्या कॉफीत ते छान लागतं, पण इथे आईस्क्रीम वितळलं की चिकोरीचा तो जडसर कडूपणा तेवढा उरतो आणि कॉफीचा वास कुठच्या कुठे जातो. शुद्ध कॉफीची पावडर घ्या किंवा फार तर ८०:२०.

माझा जीव मोका पॉटवर, म्हणजे गॅसवर ठेवायचं इटालियन कॉफीचं भांडं, खालचं पाणी वाफेच्या दाबाने पावडरीतून वर चढतं. बियालेत्तीने १९३३ मध्ये काढलेलं भांडं, अजून तसंच चालतंय. कोणाकडून उसनं मिळालं तर दोन गोष्टी: छोटा पॉट आपल्या गॅसच्या शेगडीवर नीट उभा राहत नाही, खाली जाळी ठेवा, आणि ॲल्युमिनियमचा असेल तर इंडक्शनवर तापणारच नाही. वर कॉफी यायला लागून खरखर आवाज सुरू झाला की उतरवा, शेवटचं येतं ते नुसतं कडू पाणी.

इन्स्टंटच वापरायची असेल तर तीही वाईट नाही, पण लोक एक चमचा पावडर कपभर पाण्यात घालतात तिथे घोळ होतो. आईस्क्रीम वितळून कॉफी पातळ करणारच आहे, म्हणून ४० मिली पाण्याला भरून दोन चमचे पावडर. नुसती प्यायला असह्य लागली पाहिजे, मग समजा बरोबर झाली.

आणि मिक्सरला हात लावू नका प्लीज. गरम कॉफी आणि थंड आईस्क्रीम यांची जी मारामारी होते तीच तर गंमत आहे, फिरवलं की कोल्ड कॉफी झाली, ती काय स्टेशनवर पण मिळते.

मिलवॉकीकर
मिक्सरला नावं ठेवू नका हो! मी विस्कॉन्सिनला राहतो आणि इथे जुन्या पद्धतीच्या सपर क्लबांत (निवांत रात्रीच्या जेवणाची हॉटेलं) जेवणानंतर हेच देतात, आईस्क्रीममध्ये दारू फिरवून. ब्रँडी अलेक्झांडर म्हणून आहे, मूळ प्रकारात ब्रँडी, चॉकलेटची लिकर आणि क्रीम, इथले लोक क्रीमच्या जागी सरळ व्हॅनिला आईस्क्रीम घालतात. इथे ब्रँडीचं प्रेम जरा जास्तच आहे, ओल्ड फॅशन्ड हे एरवी व्हिस्कीचं कॉकटेल पण ब्रँडीतच करतात, बाकीच्या अमेरिकेला ते विचित्र वाटतं.

पण खरी मजा पुढे आहे, त्यावर किसून काय घालतात? जायफळ! पहिल्यांदा नाकाशी ग्लास नेला आणि थेट आजीच्या घरची कॉफी आठवली. म्हणून मी घरी ब्रँडी, कॉफी, आईस्क्रीम आणि वर जायफळ असं करतो, वेलची मात्र नाही, ती घातली की ते मिल्कशेककडे झुकतं.

फिरवायचं असेल तर कॉफी फ्रीजमध्ये पूर्ण गार करून घ्या, भांडंही गार करा, बर्फ अजिबात नको. एका माणसामागे तीन गोळे, ३० मिली दारू, ३० मिली कॉफी आणि फक्त दोन-तीन झटके. जोरात फिरवलं तर मिक्सरच्याच उष्णतेने पाणी होतं. "अजून थोडी टाक" म्हणणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपात असतो, त्याला स्वयंपाकघराबाहेर ठेवा, कारण अल्कोहोलमुळे गोठणबिंदू खाली जातो आणि जास्त झाली की ते मिश्रण काही केल्या घट्ट राहत नाही. त्याला हवी तर वेगळी द्या.

अर्धी_भाकर
मटणावर आईस्क्रीम आणि त्यावर रम... पोटाची दया येते. 😄 पण माझे दोन पैसे: आईस्क्रीम घेताना डबा वाचा. 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलं असेल तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं, गरम कॉफी पडली की टाळूला तेलकट थर जाणवतो. आपल्याकडच्या नियमानुसार साध्या आईस्क्रीममध्ये दुधाचं फॅट निदान १० टक्के हवं, 'मीडियम फॅट'मध्ये त्याहून कमी चालतं. शिवाय मिली आणि ग्रॅम दोन्ही छापलेलं असेल तर तेवढ्याच मिलीला जास्त ग्रॅमवाला डबा घ्या, त्यात हवा कमी असते.

दुसरं म्हणजे जेवण साडेदहाला संपणार आणि त्यावर दोन चमचे इन्स्टंट, झोपेचं काय? ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी डिकॅफची (कॅफिन काढलेल्या कॉफीची) छोटी बाटली आणून ठेवा. आणि कॉफी प्यायली म्हणून दारू उतरत नाही, फक्त चढल्याचं कळत नाही, गाडी चालवणाऱ्याला बिनरमचा ग्लास द्या, तो कितीही कुरकुरला तरी.

ठाणेकर_खादाड
वा, एकदम माहितीचा पाऊस! मिक्सर रद्द, एका वेळी दहा जणांचं फिरवत बसलो तर पहिल्याचं वितळेल. फिल्टर सासूबाईंकडे आहे, आजच आणतो. जायफळ पक्कं. आता रम किती आणि न पिणाऱ्या दोघांचं काय ते तेवढं सांगा.

फिल्टरवाली
पिणारे आठ, आठ त्रिक चोवीस म्हणजे २४० मिली. क्वार्टर १८० ची, कमी पडेल, हाफ ३७५ ची घ्या. (परमिटचं तुमचं तुम्ही बघा हं.) बाटली फ्रीजरमध्येच टाका, घरच्या फ्रीजरमध्ये गोठत नाही. आईस्क्रीम दहा जणांना वीस गोळे, ७०० मिलीचे दोन डबे लागतील. दुपारीच गोळे काढून स्टीलच्या ताटात बटर पेपरवर मांडून परत फ्रीजरमध्ये ठेवा, ग्लासही तिथेच, नाहीतर ऐन वेळी दगडासारख्या डब्याशी झटापट करत बसाल आणि कॉफी गार होईल.

न पिणाऱ्यांना रमच्या जागी चमचाभर काकवी थोड्या गरम कॉफीत विरघळवून घाला. रमही शेवटी उसाच्या मळीचीच, त्यामुळे चव बऱ्यापैकी जवळ जाते. रम इसेन्स नको, औषधासारखा लागतो.

मोका_मास्तर
काकवी! हे मी माझ्या पिणाऱ्या ग्लासात पण करून बघणार. ठाणेकर, ग्लास जाड काचेचे किंवा स्टीलच्या वाट्या घ्या, फ्रीजरमधून काढलेल्या पातळ काचेत गरम कॉफी ओतली तर तडकेल. कॉफी काचेवर नाही, गोळ्यावर ओता.