सांगलीत सेजमॅथचं वर्कशॉप : शिकवायचं नाही, बसून काम करायचं. जमेल का?

कृष्णाकाठ_गणित :
नमस्कार मंडळी. मी सांगलीत एका कॉलेजात बीएस्सीला गणित शिकवते, आणि सेज (सेजमॅथ, गणितं करून देणारं ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही कोड बघता-बदलता येईल असं सॉफ्टवेअर) वर्गात वापरते, ब्राउझरमधूनच. पोरांना एक्सचा चौथा घात अधिक 4 चे अवयव पाडा म्हटलं की सगळी एकसुरात "मॅडम पडत नाहीत", आणि सेज मुकाट्याने दोन कंस काढून देतं, एक्स वर्ग + 2 एक्स + 2 आणि एक्स वर्ग − 2 एक्स + 2. तेव्हाची तोंडं बघण्यासारखी असतात.
तर दिवाळीनंतर तीन दिवस सेजवाल्यांच्या सेज डेज शिबिरांसारखं काहीतरी करावं असं डोक्यात आहे, म्हणजे लेक्चर कमी आणि सगळ्यांनी मिळून सॉफ्टवेअरवरच काम. पण लॅबमधली मशीनं सगळी विंडोज, चार जीबी रॅम, नेट दुपारी हमखास जातं, पोरांचं पायथन फॉर लूपपर्यंत आणि मी स्वतः आजवर कुठल्याच ओपन सोर्स सॉफ्टवेअरला कोडची एक ओळ पाठवलेली नाही. मागे एका ठिकाणी ओपन सोर्स वर्कशॉप म्हणून गेले होते, दोन दिवस पीपीटी आणि शेवटी ग्रुप फोटो. तसलं नकोय. कुणी केलंय का असं?

कराडचा_कोडर :
मॅडम, कराच. सध्या पुण्यात असतो पण सांगली म्हटल्यावर येतो सुट्टी टाकून.
एक मात्र आधीच सांगतो, वर्कशॉपच्या दिवशी सोर्सवरून सेज बिल्ड करायला, म्हणजे मूळ कोडपासून मशीनवर तयार करायला, घेऊ नका. सेज म्हणजे एकच प्रोग्रॅम नाही, विल्यम स्टाइननी 2005 मध्ये सुरू केलं तेच मुळी आधीची चांगली सॉफ्टवेअर पायथनने एकत्र बांधायची म्हणून. आत मॅक्सिमा आहे, ज्याचं मूळ एमआयटीतल्या साठच्या दशकातल्या मॅकसिमा (Macsyma) या प्रोग्रॅमात आहे, ग्रुप थिअरीला गॅप, नंबर थिअरीला पारी, बहुपदींना सिंग्युलर, हे सगळं कंपाईल व्हायला तास न् तास लागतात. मी पहिल्यांदा रात्री लावून झोपलो आणि सकाळी बघतो तर डिस्क फुल. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) घालून, कोंडा या इन्स्टॉलरमधून तयार पॅकेजं आठवडाभर आधी टाकून ठेवा, आणि चार जीबीवर तेही रडणार आहे, त्यामुळे पोरांना स्वतःचे लॅपटॉप आणू देत, तिघांत एक चालतो.
कामाचं म्हणाल तर डॉकटेस्टपासून सुरू करा. प्रत्येक फंक्शनच्या माहितीत उदाहरणं लिहिलेली असतात आणि ती खरोखर चालवून उत्तर जुळतं का ते मशीन तपासतं. कुठे उदाहरण कमी आहे, कुठे समजावलेलं कळत नाही, हे शोधायला कोडिंग कमी आणि गणित जास्त लागतं, म्हणजे तुमची पोरं इथे आमच्यापेक्षा पुढे. पाठवलेला बदल दुसऱ्या कुणीतरी तपासल्याशिवाय आत जात नाही, त्यामुळे मोडेल बिडेल ही भीती सोडा. गिटहबची (कोड ठेवायची आणि बदल पाठवायची साइट) खाती मात्र आधीच काढून ठेवा. सेजचं हे सगळं काम 2023 पासून तिकडे आहे.

मिरज_जंक्शन :
मला नाही पटत. चार जीबी आणि फॉर लूप म्हणताय आणि सेज? सिमपाय घ्या की, पायथनची गणिताची लायब्ररी. सगळं पायथनमध्येच लिहिलेलं आहे, एमपीमॅथ ही एक लायब्ररी सोडली तर सोबत काही लागत नाही, विंडोजवर दोन मिनिटांत बसतं, पेन ड्राइव्हवरून सुद्धा. शिवाय कोड उघडला की पोराला वाचता येतो. सेजमध्ये एखादी गोष्ट शोधत गेलं की सायथन, तिथून सी अशा वेगळ्याच भाषा, आणि मग माणूस घरी परत येत नाही.

भडंगवाला :
मला गणितातलं शष्प कळत नाही पण बाहेरगावचे लोक येणार असतील तर भडंगाची सोय माझ्याकडे लागली 😄

कराडचा_कोडर :
@मिरज_जंक्शन वाचता येतो हे मान्य. पण एमएस्सीच्या पोराला गट, वलयं, क्षेत्रं करायची असतील तर सिमपाय लवकर संपतं राव. आणि पायथनमध्ये ^ म्हणजे घात नव्हेच, एक्सऑर, म्हणजे बिटांवरची वेगळीच क्रिया. 2^3 टाकलं की 1 येतं आणि अर्धा तास त्यातच जातो. सेजमध्ये पोरं वहीत लिहितात तसं टाइप करतात.

मिरज_जंक्शन :
तो अर्धा तास गेलाच पाहिजे. तेवढ्यात पायथन शिकतात.

कृष्णाकाठ_गणित :
दोघांचेही आभार, भांडत रहा, मला फायदा होतोय.
काल टीवायच्या दोघींना घेऊन माझ्या जुन्या लॅपटॉपवर सिमपाय टाकून बघितलं, खरंच लगेच बसलं. भास्कराचार्यांचं ते एक्स वर्ग − 61 वाय वर्ग = 1 पूर्णांकात सोडवायला दिलं, तर एका ओळीत एक्स 1766319049 आणि वाय 226153980. एकीने विचारलं, हे आतमध्ये भास्कराचार्यांच्या चक्रवाल पद्धतीनेच करतं का? म्हटलं उघडून बघ. तर नाही, आत सतत अपूर्णांकांची (continued fractions) रीत आहे. ती आता स्वतः चक्रवाल लिहायला बसलीय, उत्तर जुळतं का बघायला. म्हणजे मिरजकर, पहिला मुद्दा तुमचा. पहिले दोन दिवस लॅबमध्ये सिमपाय, तिसऱ्या दिवशी ज्यांचे लॅपटॉप चालतील त्यांचं सेज आणि डॉकटेस्ट. कराडकर, तुम्ही तिसऱ्या दिवशीच या पण आदल्या रात्री मुक्कामाला, इन्स्टॉलचं तुमच्याच गळ्यात आहे.
भडंग 40 जणांचं धरा, लसूण जास्त.